मेंगदादांचा तेरावा झेंडा

आमच्या टूली क्रॉसिंगला लोक वर्षं पिकावरून लक्षात ठेवतात. बेदाणे पावसात भिजले ते साल, पीचला भाव आला ते साल. मेंगदादा मात्र पोस्टाच्या तिकिटांवरून सांगायचे.

"तुमचं लग्न झालं ना, सॅमीच्या आई, तेव्हा तिकिटांवर वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन दोघेच होते. रंग बदलायचे, आकडे बदलायचे, पण तोंडं तीच. चौदा-पंधरा वर्षं तीच दोन तोंडं बघून जीव विटला होता माझा."

"माझ्या लग्नातलं एवढंच लक्षात राहिलं का तुमच्या?"

"जेवणही आहे की लक्षात. पण त्यात तिखट कमी होतं."

मेंग दोकसू त्यांचं पूर्ण नाव. आम्हा कोरियन लोकांत आडनाव आधी येतं. पोरं त्यांना मेंगकाका म्हणत, मी मेंगदादा. १९०४ साली उसाच्या कामाला हवाई बेटांवर आले, तिथून कॅलिफोर्नियात, आणि मग आमच्या या खोऱ्यात द्राक्षं छाटायला. त्यांच्यासारखे एकटे पुरुष आमच्या वस्तीत पुष्कळ होते. ज्यांना जमलं त्यांनी गावी फोटो पाठवून बायका मागवल्या. मेंगदादांनी फोटो पाठवलाच नाही. म्हणायचे, "फोटोत मी तरुण दिसतो. पोरीची उगाच फसवणूक." आमच्यातल्या निम्म्या नवऱ्यांनी तीच फसवणूक करून बायका आणल्या आहेत. माझा नवराही त्यातलाच. बोटीतून उतरले तेव्हा समोर उभा असलेला माणूस फोटोतल्या माणसाचा बाप वाटला मला. पण तो भला होता, आणि लवकर गेला. तो गेल्यावर मी एकट्या पुरुषांसाठी खाणावळ चालवायला घेतली आणि मेंगदादा माझ्या टेबलावर जेवायला येऊ लागले.

त्यांना तिकिटं जमवायचा नाद नव्हता. ते तिकिटं वाचायचे. खाणावळीत कुणाचंही पत्र आलं की पाकीट आधी यांच्या हातात. इंग्रजी अक्षरं ते तिकिटांवरूनच शिकले. चौदा सेंटांवरचा पिसांचा मुकुट घातलेला आदिवासी सरदार, तीस सेंटांवरचा गवा, पंचवीसवरचा धबधबा, सगळ्यांशी त्यांची ओळख. मग अडतीस साली राष्ट्राध्यक्षांची मालिका निघाली. कितवा अध्यक्ष तितक्या सेंटांचं तिकीट. माझा सॅमी शाळेत सगळे अध्यक्ष ओळीने म्हणून दाखवायचा आणि मास्तरीण थक्क व्हायची. तिला काय माहीत, त्याने ते मेंगदादांच्या मांडीवर डोकं ठेवून पाठ केले होते. "नववा कोण?" "नऊ सेंटवाला!" "अरे गाढवा, नाव सांग."

स्वतःला पत्र येणं मात्र त्यांचं केव्हाच थांबलं होतं. प्योंगयांगच्या उत्तरेला कुठल्याशा खेड्यात त्यांची आई होती. तिला ते वर्षातून दोनदा लिहायचे, नव्या वर्षाला आणि भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या आमच्या सणाला. परदेशी पत्राला पाच सेंटांचं निळं तिकीट लागायचं. आई अडाणी. गावातलं कुणीतरी वाचून दाखवायचं. आमचा देश जपानने गिळला त्यानंतर पत्त्याच्या शेवटच्या ओळीत 'जपान' लिहायची पाळी आली. तसं लिहिलं नाही तर पत्र वाटेतच राहतं, असं सगळे म्हणत. मग आम्ही लिहायचो. मीही लिहिलंय. हात आपोआप चालतो, मग पाकीट पालथं ठेवायचं.

मेंगदादा एकदा म्हणाले, "बाकी पत्ता मी लिहितो. शेवटची ओळ दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतो. आईच्या नावाखाली माझ्या हाताने ते जात नाही."

गवा तिकिटावर आला त्याच्या तिसऱ्या वर्षी आई गेल्याचं कळलं. त्यानंतर त्यांनी पत्र लिहिलं नाही.

आता चाळीस सालची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. सरकारने हुकूम काढला की परदेशी माणसांनी पोस्टात जाऊन नाव नोंदवायचं आणि दहाही बोटांचे ठसे द्यायचे. कायदा म्हटलं की मेंगदादा सगळ्यांच्या आधी. पहिल्याच दिवशी दाढी करून, धुतलेला सदरा घालून खिडकीसमोर हजर. आमचे पोस्टमास्तर डीक्स, जाड भिंगांचा चष्मा लावलेला म्हातारा माणूस, वाईट नव्हे. त्यांनी विचारलं, "जन्म कुठला?" मेंगदादा म्हणाले, "कोरिया." डीक्सनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघून विचारलं, "म्हणजे आता जपानकडे आहे ते?" मेंगदादांनी विचार केला, माणूस खरं विचारतोय, खरं सांगावं. म्हणाले, "हो, आता जपानकडे आहे." डीक्सनी कार्डावर लिहिलं, जपान.

दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये पाळक सोक यांनी सगळ्यांना बजावलं, खिडकीवर काहीही विचारोत, आपण कोरियन असंच सांगायचं, दुसरं लिहू लागले तर सही करायची नाही. आम्ही सगळ्यांनी तसंच केलं. मेंगदादा बाकावर माझ्या पुढे बसले होते. त्यांची मान तेवढी लाल झालेली दिसली.

एक्केचाळीसच्या डिसेंबरात युद्ध पेटलं. पुढे सरकारने ठरवलं की ज्यांनी कोरियन म्हणून नोंद केली ते शत्रू नव्हेत. ज्यांच्या कार्डावर जपान, ते शत्रू. आमच्या सबंध वस्तीत एकटे मेंगदादा अमेरिकेचे शत्रू ठरले! रेडिओ जमा करा, परवानगीशिवाय गाव सोडू नका. रेडिओ त्यांच्याकडे नव्हताच. एक विजेरी होती, तीच जमा करून आले. मी म्हटलं, "विजेरी कुणी मागितली होती?" तर म्हणाले, "शत्रूने जरा जास्तच प्रामाणिक असावं."

रस्त्यात लोकांनी जपानी समजून मारू नये म्हणून आम्ही छातीवर बिल्ले लावत होतो, 'मी कोरियन आहे'. मेंगदादांनी लावला नाही. "कार्डावर एक आणि छातीवर एक. पोलिसाने धरलं तर त्यातलं खोटं कुठलं म्हणून सांगू?" कार्ड बदलून घ्यायला ते दोनदा डीक्सकडे गेले. डीक्स ओशाळले, पण म्हणाले, ते आता माझ्या हातात नाही, वॉशिंग्टनला गेलं. वॉशिंग्टनला पाळकसाहेबांनी लिहिलं. उत्तर आलं नाही. युद्धात सरकारला एका द्राक्षं छाटणाऱ्या म्हाताऱ्याचं काय पडलेलं असणार.

तेव्हापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट बसली. या देशाच्या सरकारने एकदा तरी, स्वतःच्या छापखान्यात, स्वतःच्या अक्षरांत, आपल्या देशाचं नाव लिहावं. आपण मरायच्या आत. मला ते जेवताना एकदा सरळ म्हणाले, "जपानी म्हणून पुरू नका मला." मी म्हटलं, "पुरायच्या गोष्टी सोडा, सूप निवतंय."

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात झेंड्यांची मालिका सुरू झाली. हिटलरने आणि त्याच्या सोबत्यांनी जे देश गिळले त्यांचे झेंडे, एकेक करून, पाच सेंटांच्या तिकिटांवर. जांभळट-करडी चौकट, मधे रंगीत झेंडा, एका अंगाला आगीतून उठणारा पक्षी, दुसऱ्या अंगाला बेड्या तोडणारी बाई, आणि खाली देशाचं नाव. पहिला पोलंड. मेंगदादांनी ती बातमी ऐकली आणि हातातली काठी... नाही, चॉपस्टिक म्हणतात इथले लोक, ती खाली ठेवली. "सॅमीच्या आई, पोलंड आला, आपलाही येणार."

त्या दिवसापासून नवं तिकीट निघालं की ते पोस्टाच्या खिडकीवर. चेकोस्लोव्हाकिया. नॉर्वे. लक्झेंबर्ग, जो देश आहे हे मला तेव्हा कळलं. नेदरलँड्स, बेल्जियम. डीक्स त्यांना दुरून बघूनच मान हलवायचे. "आज फ्रान्स आहे, मेंग. तुझं नाही." मेंगदादा फ्रान्स बघायचे, वाचायचे, "छान रंग आलाय" म्हणायचे आणि कामाला जायचे.

अल्बेनिया आला तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हा कुठला देश काढला यांनी? आमच्या चार हजार वर्षांच्या देशाला जागा नाही आणि अल्बेनियाला आहे?"

मेंगदादा म्हणाले, "असं बोलू नका. त्यांचंही घर जळतंय."

खरं होतं ते. पण राग काही गेला नाही.

डिसेंबरात डेन्मार्क आला आणि डीक्सनी खिडकीतून बाहेर वाकून सांगितलं, "बारा झाले मेंग. मालिका संपली म्हणतात." मेंगदादांनी डेन्मार्कचा झेंडा नीट बघितला, आभार मानले आणि घरी आले. त्या हिवाळ्यात ते एकदम म्हातारे दिसायला लागले. छाटणीला जायचे, पण दोन ओळींमागे एकदा काठीवर हनुवटी टेकून उभे राहायचे. आमच्या भागात थंडीत इतकं दाट धुकं उतरतं की पाच हातांवरचा माणूस दिसत नाही. त्या धुक्यात ते उभे असले की मला भीती वाटायची. मी हाका मारायचे, ते "आहे, आहे" म्हणायचे.

चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात कुणालाही न सांगता तेरावा झेंडा आला.

डीक्स स्वतः खाणावळीच्या दारात आले. याआधी ते कधी आमच्या वस्तीत पाऊल टाकायला आले नव्हते. टोपी काढून म्हणाले, "मेंग कुठंय? त्याचं आलंय."

काय सांगू त्या दिवसाचं! माणसं छाटणी टाकून धावली. पोस्टाच्या पायऱ्यांवर आमच्या बायका रडत होत्या आणि गोऱ्या बायका बाजूने जाताना काय झालं म्हणून बघत होत्या. पांढऱ्यावर लाल-निळं वर्तुळ, चार कोपऱ्यांत काळ्या रेघा, खाली देशाच्या नावाची पाच इंग्रजी अक्षरं. गावी हा झेंडा घरात सापडला तर तुरुंग. इथे सरकार तो खिडकीतून विकत होतं. पाळकसाहेबांनी अख्खी पानंच्या पानं घेतली. मेंगदादांनी एकच तिकीट घेतलं आणि तळहातावर ठेवून किती वेळ उभे राहिले.

त्या रविवारी चर्चमध्ये तिकिटांचं एक पान काचेत घालून वेदीशेजारी लावलं. पाळक सोक बोलायला उभे राहिले. करड्या आवाजाचा, मनाचा सच्चा माणूस. म्हणाले, "आपल्यापैकी कुणीही हे तिकीट पत्राला लावायचं नाही. ह्या झेंड्याला कुणी जिभेने चाटायचं नाही, आणि पोस्टाचा काळा ठसा त्यावर पडू द्यायचा नाही. या झेंड्याने आधीच खूप मार खाल्लाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. १९१९च्या मार्चमध्ये लोक स्वातंत्र्य मागायला रस्त्यावर उतरले तेव्हा मी प्योंगयांगच्या बाजारात होते. माझ्या थोरल्या भावाच्या हातातला कागदी झेंडा जपानी पोलिसाने बुटाखाली घेतला आणि मग भावाचा हात घेतला. तो हात पुढे कधी मिटला नाही. पोस्टातला ठसा काय करतो ते आम्ही रोज बघतो. तिकिटावर जाड काळ्या रेघा मारून ते मारून टाकतात, पुन्हा वापरता येऊ नये म्हणून. ते आमच्या झेंड्यावर? माझा जीवच गेला असता.

मेंगदादा उठून उभे राहिले. "पाळकसाहेब, मला शिक्का हवाय."

"काय हवंय?"

"शिक्का. हे तिकीट मी विकत आणलं. म्हणजे त्यांनी विकलं, एवढंच. दुकानात फुगेही विकतात. पण त्यावर सरकारी शिक्का पडला म्हणजे त्यांनी मानलं. आपल्या गावी जमिनीचा कागद असो, लग्नाचा असो, शिक्का नसेल तर आपण त्याला काय म्हणतो? चुलीत घाला म्हणतो."

"तो शिक्का नव्हे, मेंग, तो मार आहे. तिकीट मारायचा ठसा."

"माझ्यासाठी शिक्का आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आणि पत्र पाठवणार कुणाला? तुला आहे कोण?" दोघं-तिघं हसले. हसायला नको होतं. मला आजही त्या हसणाऱ्यांची चीड येते.

मेंगदादा म्हणाले, "आईला."

आई जाऊन अठरा-एकोणीस वर्षं झाली होती हे सगळ्यांना माहीत होतं. पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "खाली बसा, दोकसू." ते बसले. पण मनातून बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी खाणावळीतल्या टेबलावर त्यांनी पाकीट घेतलं. मी भांडी घासत होते. म्हटलं, "हट्ट सोडा. लोक बोलणार नाहीत तुमच्याशी."

"तुम्ही बोलाल?"

"मी तर आत्ताच भांडतेय."

"मग पुरे झालं."

ते एकेक अक्षर कोरल्यासारखं काढत होते. वरची ओळ बघितली तर 'दोकसूची आई'. मी विचारलं, "नाव लिहा की आईंचं. नुसतं दोकसूची आई काय?"

त्यांनी मान वर केली. "नाव मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"कधी ऐकलंच नाही. बाबा 'अगं' म्हणायचे. आजी 'सूनबाई' म्हणायची. गाव 'दोकसूची आई' म्हणायचं. विचारायचं सुचलंच नाही, आणि मग मी बोटीत बसलो."

आमच्या बायकांचं असंच असतं, त्यात नवल नव्हतं. त्यांनी खेड्याचं नाव लिहिलं, मग जिल्हा, मग प्रांत. शेवटच्या ओळीपाशी आले तेव्हा तिकीट समोर ठेवून त्यावरची पाच अक्षरं बघत बघत, स्वतःच्या हाताने, लिहिली. कोरिया. आत एका कागदावर एकच ओळ होती. त्यांनी ती मला वाचून दाखवली. 'आई, या वेळी पत्ता बरोबर लिहिलाय.'

मी भांडी तशीच ठेवली आणि पदर, म्हणजे माझा एप्रन, तोंडाला लावला. मग कोट चढवला आणि त्यांच्याबरोबर पोस्टात गेले. पटलं म्हणून गेले असं नाही. त्यांनी एकट्याने जाऊ नये म्हणून गेले.

डीक्सनी पाकीट उलटसुलट बघितलं. "मेंग, तिकडचं टपाल बंद आहे. युद्ध आहे. हे परत येणार."

"येऊ द्या. पण शिक्का मारून जाऊ द्या."

"तो तर मारावाच लागतो." त्यांनी नेहमीचा दांडा उचलला. त्याला दोन तोंडं असतात, एक गावाच्या नावाचं गोल आणि एक काळ्या रेघांचं. रेघा तिकिटावर पडतात, गोल शेजारी कोऱ्या जागेवर.

मेंगदादांनी खिडकीच्या फळीवर हात ठेवला. "साहेब, रेघा नकोत. गोल पडू दे झेंड्यावर. गावाचं नाव असलेला. तारीख असलेला."

"नियम रेघांचा आहे."

"नियम मी कधी मोडला का? तुम्ही विचारलंत तेव्हा मी खरं सांगितलं होतं."

डीक्सनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटतं त्यांना ते चाळीस सालचं आठवलं. त्यांनी दांडा बाजूला ठेवला, खणातून पावत्यांवर मारायचा सुटा गोल शिक्का काढला, शाईच्या गादीवर दोनदा दाबला, एका रद्दी कागदावर उठवून बघितला. मग म्हणाले, "नीट धरा पाकीट, मिस्टर मेंग." त्यांना मिस्टर म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मेंगदादांनी टोपी काढली. ठसा पडला तेव्हा मी डोळे मिटले. आवाज छातीत बसला. खोटं कशाला बोलू, मला ते पटलं नव्हतं. आजही पुरतं पटलेलं नाही. पण डोळे उघडले तर गोल बरोबर मधल्या वर्तुळाभोवती बसला होता. टूली क्रॉसिंग, कॅलिफोर्निया, तारीख. झेंडा आत शाबूत दिसत होता.

"झालं?" मेंगदादांनी विचारलं.

"झालं. आता हे तिकीट दुसऱ्या कशाला चालायचं नाही."

"नकोच चालायला," मेंगदादा म्हणाले.

नाताळ झाल्यावर पाकीट परत आलं. टपाल बंद असल्याचा जांभळा ठसा, पाठवणाऱ्याकडे बोट दाखवणारा छापील हात, कडेला सेन्सॉरने उघडून चिकटवलेली पट्टी. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते पाकीट घेऊन अंगणात उजेडात गेले आणि शेवटची ओळ तपासली. मग आत येऊन मला म्हणाले, "बघा. इतक्या सगळ्यांनी वाचलं. 'कोरिया' कुणी खोडलं नाही. 'जपान' कुणी लिहिलं नाही."

आठवडाभर वस्तीतली माणसं एकेक करून ते पाकीट बघायला येत होती. चर्चमध्ये हसलेलेही आले. शेवटी पाळकसाहेब आले. बराच वेळ बघून म्हणाले, "मी असतो तर नसतं पाठवलं." मेंगदादा म्हणाले, "माहीत आहे." मग दोघांनी एकत्र बसून चहा घेतला.

फेब्रुवारीतल्या धुक्यात छाटणी करताना त्यांच्या छातीत सर्दी उतरली. डॉक्टर आला तोवर उशीर झाला होता. स्वातंत्र्य आलं तेव्हा त्यांना जाऊन सहा महिने झाले होते. ते त्यांना दिसायला हवं होतं. मला याचं फार दुःख आहे, आणि ते कमी होत नाही.

त्यांना नातेवाईक नव्हता, म्हणून मृत्यूची नोंद करायला जिल्ह्याच्या कचेरीत मीच गेले. पाकीट पिशवीत होतं. ते त्यांच्याबरोबर पेटीत ठेवायचं असं पाळकसाहेबांनीच सांगितलं होतं. टेबलामागे एक तरुण कारकून होता, सर्दीने नाक लाल झालेला. त्याने विचारलं, "जन्म कुठला?"

"कोरिया."

त्याने मेंगदादांचं कार्ड उघडलं. "इथे जपान लिहिलंय."

"ते चुकीचं आहे."

"बाई, कार्ड सरकारी आहे. मला तेच उतरवावं लागतं. त्याच्याविरुद्ध तुमच्याकडे काही सरकारी असेल तर दाखवा."

मी पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. त्याने बघितलं आणि जरासा हसला. "हे तिकीट आहे."

"छापलं कुणी?"

"सरकारने."

"शिक्का कुणाचा?"

त्याने वाकून वाचलं. "टूली क्रॉसिंगचा."

"हे इथून निघालं, सेन्सॉरने उघडलं, वाचलं, परत पाठवलं. तुमच्या सरकारच्या किती माणसांच्या हातांतून गेलं ते तुम्हीच सांगा. शेवटची ओळ वाचा. त्यातल्या एकाने तरी ती खोडली का? आणि आता तुम्ही खोडणार?" माझा आवाज चढला होता. बाजूच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. मी म्हटलं, "हा माणूस जपानी म्हणून पुरला जाऊ नये एवढंच त्याने आयुष्यात मागितलं. दुसरं काही मागितलं नाही हो त्याने!"

कारकुनाने नाक पुसलं. पाकीट पुन्हा एकदा उचलून उजेडात धरलं. मग टाक बुडवला आणि लिहिलं. कोरिया. मी उलट्या बाजूनेही ती अक्षरं ओळखली, आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"वडिलांचं नाव?" ते मला माहीत होतं, मी सांगितलं.

"आईचं नाव?"

मी पाकिटाकडे बघितलं.

"पाकिटावर आहे का?" त्याने स्वतःच वरची ओळ वाचायचा प्रयत्न केला. "हे काय आहे?"

"दोकसूची आई."

"हे नाव नाही झालं, बाई."

"नाही," मी म्हटलं. "नाही झालं." त्याने त्या रकान्यात 'माहीत नाही' असं लिहिलं. देश मिळाला होता. तिथे मी भांडून घेतला होता. इथे भांडायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ती बाई कुठल्यातरी टेकडीवर पुरलेली होती आणि तिला कोण म्हणून हाक मारायची ते आता जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला रडू कोसळलं. मेंगदादा गेले तेव्हाही इतकं आलं नव्हतं.

त्याने मला पाणी आणून दिलं. मग शेवटचा रकाना दाखवला. "माहिती देणाऱ्याचं नाव?"

ओठांवर आलं होतं, सॅमीची आई. एकोणीस वर्षं तेवढंच होतं. सॅमी तिकडे फिलिपिन्समध्ये लढत होता, आणि त्याने मला कधी माझं नाव विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

"ओक बोंगही," मी म्हणाले.

"मिसेस..."

"मिसेस नको. नुसतं नाव लिहा. मी एकेक अक्षर सांगते."

मी सांगत गेले, तो लिहीत गेला. शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत मी टेबलावर वाकून बघत होते.